सात घोड्यांची फाइल

दस्तगीरचाचांच्या तंबोऱ्यांबद्दल मिरजेत ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. कुठल्या निम्म्या, ते चाचांनाही सांगता येत नाही. त्यांचा एक तंबोरा म्हणे एसटीच्या टपावर बांधून हुबळीला चालला होता. निपाणीपासून पुढं वाऱ्यानं तो असा काही बोलायला लागला की ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा सोडून दिला, कंडक्टर तिकिटं सुरात मागायला लागला, आणि धारवाडला उतरायचं म्हणून चढलेले दोन प्रवासी न उतरता तसेच पुढं गेले. ही गोष्ट सांगणारी माणसं आता थकली. एसटी विजेवर धावायला लागली, तिचा टप गेला. दुकान मात्र जागचं हललेलं नाही.

त्या दुकानात सन २०४४ मधल्या एका बुधवारी तस्नीम शिकलगार घडीचा पडदा मांडीवर पसरून एक फॉर्म भरत होती. तस्नीम चाचांची पुतणी. बाप रेल्वेत नोकरीला, पण पोरगी सोळाव्या वर्षापासून चाचांच्या समोर बसलेली. सकाळी सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र आणि दुपारनंतर कानस, अशी तिची सात वर्षं गेली होती. आता पुण्याच्या नादविज्ञान संस्थेत तंतुवाद्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला जायचं होतं. जागा बारा. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दार बंद.

सगळा फॉर्म भरून झाला होता. 'सादर केलेली कामं पूर्णपणे माझी स्वतःची आहेत' याच्यापुढं तिनं ठसक्यात बरोबरची खूण केली होती. शेवटची चौकट राहिली होती: पोर्टफोलिओचा फाइल-प्रकार निवडा. पान किंवा पदर. खाली बारीक अक्षरांत, 'दोन्ही प्रकारांना समान न्याय दिला जाईल.' बारीक अक्षरांतल्या मजकुरावर मिरजेत कुणी विश्वास ठेवत नाही.

"चाचा, कुठली फाइल पाठवू?"

चाचा भोपळ्याला सरस लावत होते. "पुठ्ठ्याची घे. दोरीवाली. क्लिपवाली घेतलीस की कागद फाटतात."

"तसली नाही हो. हे बघा, पान म्हणजे आपण मांडू तेवढंच दिसणार. फोटो, चार ओळी, तंबोऱ्याचा आवाज. पदर म्हणजे चपातीचे पदर सुटतात ना, तसं. तंबोऱ्याची घोडी मशिनखाली ठेवायची. मशिन तिच्यावरचे सगळे ओरखडे वाचतं. मग बघणारा एकेक पदर मागं सारत जातो, आणि काम कसकसं झालं, कुणाच्या हातानं झालं, सगळं दिसतं."

चाचांचा कुंचला थांबला. "कुणाच्या हातानं ते कसं कळतंय?"

"हात थरथरतो ना. तुमचा, माझा, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचासुद्धा."

"माझा नाही थरथरत."

"थरथरतो चाचा. सेकंदाला दहाएक वेळा. आपल्याला कळत नाही एवढंच."

"अठ्ठावन्न वर्षांत कुणी बोललं नाही मला," चाचा म्हणाले आणि कुंचला पुन्हा चालू झाला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सातही घोड्या दाखवायच्यात?"

"सातही."

"पान पाठव."

"का?"

"पान बरं असतं. सुटसुटीत."

"पदरानं चान्स वाढतो चाचा."

"तरी पान पाठव, बेटा."

आणि आधीच सरस लावून वाळलेल्या जागेवर ते परत सरस लावत बसले. तस्नीमनं त्याचा अर्थ असा घेतला की आपल्या हातावर चाचांचा भरवसा नाही. तिला ते इतकं लागलं की तिनं त्याच दुपारी सातही तंबोऱ्यांच्या तारा सैल केल्या, घोड्या उतरवल्या आणि मलमलीत गुंडाळून ठेवल्या.

हे सात तंबोरे दुकानाचे, मैफलींना भाड्यानं द्यायचे. त्यांची जवारी तस्नीमनं लावलेली. घोडी म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो. त्याला इतका हलका उतार असतो की बोटाला कळतो, डोळ्याला नाही. तार थरथरली की त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि तिचा टेकायचा बिंदू मागंपुढं सरकत राहतो. त्यामुळं एकच तार एकटीनं बोलत नाही, स्वरांचा घोळका घेऊन बोलते. षड्ज छेडावा आणि त्याच्या पोटातून गंधार ऐकू यावा, ही सगळी त्या उताराची करामत; तिलाच जवारी म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला की घोळका पांगतो.

पहिल्या तंबोऱ्यावर गायलेल्या एका वृद्ध बाईंनी मैफल संपल्यावर विचारलं होतं, "जवारी कुणाची?" चाचांनी तस्नीमकडं बोट केलं. बाईंनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आपण काय व्हायचं, हे तस्नीमला त्या दिवसापासून माहीत होतं.

आता हा पदर कुठून आला तेही सांगायला हवं. त्याआधी दहा-बारा वर्षं अशी पाळी आली होती की यंत्राला चार वाक्यं सांगितली की चहा निवायच्या आत पोर्टफोलिओ तयार. निवड समित्यांपुढं सातशे अर्ज यायचे, सातशेही उत्तम आणि सातशेही सारखे. एका संस्थेत तर म्हणे अस्तित्वातच नसलेल्या एका मुलाला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि पहिल्या सहामाहीत तो वर्गात दुसरा आला. मग शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. यंत्र करतं ते गुळगुळीत करतं. माणसाचा हात काही केल्या गुळगुळीत चालत नाही. स्नायूंना मेंदूकडून हुकूम येतात ते धक्क्याधक्क्यानं. त्यातून हाताला एक बारीक कंप असतो, आणि त्या कंपाची लय माणसामाणसाची वेगळी. कानस, ब्रश, छिन्नी, काहीही चालवा, केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या लाटा मागं राहतात. त्या वाचायच्या, कुठली लाट कुठल्या लाटेवर चढली आहे त्यावरून आधी कोण आणि नंतर कोण ते ठरवायचं, आणि हरेक हाताला एक रंग द्यायचा. असा हा पदर. एकदा मोहोर लागली की त्यातला एक पदरही काढता येत नाही.

गुरुवारी सकाळी तस्नीम स्टेशनरोडच्या 'मगदूम पदर केंद्रा'त गेली. शशिकला मगदूम यांचं आधी झेरॉक्सचं दुकान होतं; मशिन बदललं, पाटीवरचा एक शब्द बदलला, बाई त्याच राहिल्या. त्यांनी तस्नीमकडून नमुन्याच्या पट्टीवर कानशीचे दहा हात मारून घेतले. "तू हिरवी," त्या म्हणाल्या. "आता मशिनला तू ओळखीची झालीस. बस की, चहा सांगते."

पहिली घोडी मशिनखाली गेली. पडद्यावर ती हातभर लांब होऊन उमटली. खालून हिरवा रंग चढत आला, थरावर थर. तस्नीम हसली. मग हिरव्याच्या वरून केशरी रंग आला. इथं एक रेघ, तिथं दोन. बघता बघता तारांच्या चारही जागा केशरी झाल्या.

"हे काय काकू?"

"दुसरा हात." मगदूमकाकूंनी चष्मा वर सारला. "एक्केचाळीस वेळा फिरलाय. तुझ्यानंतर."

"माझ्यानंतर कुणी नाही. मी पुरी करूनच ठेवली होती."

"मशिनला काय तुझ्याशी भांडण आहे होय?"

दुसरीवर केशरी हात तेहेतीस वेळा. तिसरीवर एकोणीस. चौथीवर बारा, पाचवीवर सहा, सहावीवर दोन. सातवी निव्वळ हिरवी. पडद्याच्या तळाला मशिननं आपला निकाल लिहिला: 'सातपैकी सहा कामांत शेवटचा हात अर्जदाराचा नाही.'

चहा आला. तस्नीमनं तो घेतला नाही.

"हे बघ," मगदूमकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे इथंच राहू दे. मी पुसून टाकते. तू पान पाठव. छान फोटो काढून देते, मागं निळा पडदा लावून. कोण बघायला येतंय?"

तस्नीम घोड्या घेऊन निघाली ती तडक दुकानात आली. चाचांच्या समोर मलमलीची पुरचुंडी ठेवून ती उभीच राहिली.

"कधी केलंत?"

चाचांनी 'काय?' म्हणून विचारलं नाही. "तू जेवायला घरी जायचीस तेव्हा."

"म्हणून तुम्ही कधी आमच्याबरोबर जेवला नाहीत?"

"भूकपण उशिराच लागते मला."

"हसू नका चाचा. त्या बाईंनी माझा हात धरला होता. माझा! तुम्ही समोर उभे होता आणि गप्प राहिलात."

"बस."

"नाही बसत."

"मग उभ्यानं ऐक. याला आमच्यात शेवटचा हात म्हणतात. शिकणारा काम पुरं करतो, उठून जातो. मग उस्ताद त्याच्यावरून शेवटचा हात फिरवतो आणि सांगत नाही. माझ्या कामावर अब्बांनी फिरवला. अकरा वर्षं. त्यांच्यावर त्यांच्या अब्बांनी."

"पण का? चुकलं तर सांगायचं ना!"

"सांगून कान तयार होत नाही, बेटा. स्वतःचं बेसूर रोज ऐकत बसलं की कान त्यालाच सूर म्हणायला लागतो. तू जेवून यायचीस, तार छेडायचीस, आणि खरी जवारी ऐकायचीस. तुला वाटायचं, आपल्या हातानं झाली. मग दुसऱ्या वेळी हात तिथं पोचायला धडपडायचा. बघ की, एक्केचाळीस. मग तेहेतीस. मग एकोणीस. पोचलाच की."

तस्नीमला ते पटलं, आणि पटलं म्हणून राग वाढला. "आणि मी? मी सात वर्षं स्वतःला जी समजत होते ती कोण होती?"

चाचा उठले, भिंतीच्या खुंटीवरची कानस काढून त्यांनी तिच्यापुढं धरली. "उद्या पाचपर्यंत वेळ आहे. सहाही घोड्यांवरून तूच हात फिरव. माझा निघून जाईल. मग पाठव पदर, सगळा हिरवा."

तस्नीमनं कानस घेतली. पहिली घोडी चिमट्यात धरली, कानस टेकवली. त्या बाई जिच्यावर गायल्या तीच ही. एक हात पडला असता तर त्या घोडीचा आवाज जगातून गेला असता, आणि तो कुणाचा होता हा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला असता. तिनं कानस खाली ठेवली.

"सातवीवर तुमचा हात का नाही? जमली होती म्हणून?"

"सातवीला मीपण अशीच कानस टेकवली होती. तार ऐकली. उचलली."

"म्हणजे बरोबर होती."

"चूक होती. तिसरी तार जरा मिटून बोलते, खुलत नाही."

"मग?"

"चूक होती, पण तुझी होती. आजपर्यंत तू चुकायचीस ती माझ्यासारखं करायला जाऊन. ही चूक माझ्या हातानं कधीच झाली नसती. तिला हात लावायचा मला काय अधिकार?"

तस्नीमनं पहिली घोडी चिमट्यातून सोडवली.

"तुम्हाला कसं कळलं," तस्नीमनं शेवटी विचारलं, "अब्बांनी हात काढून घेतला ते?"

चाचा खुलले. त्यांनी हिशेबाच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेली एक काळपट, सांबरशिंगाची घोडी उचलली. "ही! मी तेवीस वर्षांचा. कोल्हापूरच्या गवयानं तंबोरा परत आणून आपटला. म्हणाला, तिसरी तार खोकते. मी अब्बांकडं बघितलं. अब्बा उठले आणि बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. त्या गवयालाच पहिला पेढा दिला. बिचारा भांडायला आला होता, पेढा खाऊन गेला. पहिली तक्रार आली की पोरगा कारागीर झाला, असं आमच्यात धरतात. ती चूक माझी, एकट्याची. म्हणून ही घोडी मी टाकली नाही."

तस्नीम घोडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चाचा, मी पदरच पाठवणार. पण त्या केशरी हाताला नाव लागल्याशिवाय फाइलला मोहोर लागत नाही. आणि नाव लावायचं तर त्या माणसानं स्वतः येऊन नमुना द्यावा लागतो."

म्हणजे काय मागितलं जातंय, ते चाचांना समजलं. एकदा त्यांचा हात मशिनच्या ओळखीचा झाला की दुकानातून शिकून गेलेल्या नऊ कारागिरांच्या जुन्या घोड्या मशिनखाली ठेवून कुणीही त्यांच्यावर चाचांचा हात शोधू शकणार. गल्लीतल्या दुसऱ्या उस्तादांनाही हेच विचारलं जाणार. शेवटचा हात टिकला होता तो कुणाला माहीत नव्हता म्हणून.

"आता यापुढं कुठल्याच पोराला चोरून शिकवता येणार नाही," ते म्हणाले. "असं ना?"

"असं."

"उद्या नमाजनंतर येतो."

शुक्रवारी अडीच वाजता चाचा इस्त्रीचा कुडता घालून, अत्तर लावून मगदूम केंद्रात हजर झाले. नमुन्याच्या पट्टीवर त्यांनी दहा हात मारले. "थरथरतोय का?" त्यांनी विचारलं.

"सेकंदाला नऊ वेळा," मगदूमकाकू म्हणाल्या.

"हळू बोला, बाहेर गिऱ्हाईक आहे."

सहाही घोड्यांवरच्या केशरी रंगाला नाव लागलं. काम तेवढंच होतं. पण चाचा उठेनात. त्यांनी खिशातून सांबरशिंगाची घोडी काढली. "हीपण ठेवा की जरा. माझी चूक मलाही एकदा बघू दे मोठी करून."

घोडी पडद्यावर उमटली. केशरी थर चढत आले, चाचा ओळखीचं माणूस भेटावं तसे मान हलवत होते. थर संपले. आणि त्यांच्या वर, तिसऱ्या तारेच्या जागी, दोन रेघा उमटल्या. त्या करड्या होत्या. उताराच्या बरोबर उलट्या बाजूनं, खोल, एकाशेजारी एक.

"अनोळखी हात," मगदूमकाकूंनी वाचलं. "दोनच वेळा. सगळ्यांत शेवटी."

चाचा खुर्ची पुढं ओढून बसले. तस्नीमलाही दिसत होतं. नवशिकासुद्धा तिथं, त्या दिशेनं कानस चालवत नाही. तशी ती फक्त मुद्दाम चालवता येते.

"अब्बा," चाचा म्हणाले. "बिघडवून ठेवली होय! मला मोकळं सोडायचं होतं, तर सोडायला काहीतरी कारण नको का? तक्रार येईना, मग काय करतील? आपणच..." ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि परत हसले. "पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं, आयुष्यात एक चूक तरी माझी स्वतःची आहे. तीपण त्यांचीच निघाली."

"याची प्रत काढून ठेवते," मगदूमकाकू गडबडून म्हणाल्या, "नाव काय लावू करड्याला?"

"अमीनसाब शिकलगार."

"नमुना लागेल."

"कबरस्तानात जाऊन घ्या मग."

चाचांनी पडद्यावरच्या त्या दोन रेघांवर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहू दिलं. अब्बांचा एक फोटो होता घरात, पण हात फोटोत आला नव्हता.

साडेचार वाजले. तस्नीमनं फॉर्म उघडला. 'पूर्णपणे माझी स्वतःची' समोरची खूण तिनं काढली. काढताच खाली नवी चौकट उघडली: 'दुसऱ्या हाताची भूमिका निवडा.' सहलेखक. मदतनीस. यंत्र. अनधिकृत.

"यातलं तुम्ही काय, चाचा?"

चाचांनी चारही नीट वाचले. "अनधिकृत बरं वाटतंय ऐकायला."

"चेष्टा नको. पहिल्या चाळणीत उडवतील मला. सहा कामांत दुसऱ्याचा हात, आणि उरलेल्या एकात तार मिटलेली. अजून पान पाठवता येतं."

"मग पाठव पान."

पान पाठवलं तर त्या सहा घोड्या कायमच्या तिच्या होणार होत्या, आणि त्यांच्यावरून फिरलेला हात कायमचा नाहीसा होणार होता. पुण्यातली जागा मिळाली असती. तिथं पहिल्या दिवशी कुणीतरी कानस हातात देऊन म्हटलं असतं, दाखव बघू.

यादीच्या तळाशी 'इतर' होतं, आणि त्याच्यापुढं दोन ओळींची मोकळी जागा. तिनं लिहायला सुरुवात केली. एकदा खोडलं. पुन्हा लिहिलं. मग चाचांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं:

"या सहा घोड्यांवर मी कशी शिकले ते दिसतं. सातवी माझी आहे. तिची तिसरी तार मिटून बोलते. ती तशी का बोलते, हे शोधायला मला तुमच्याकडं यायचं आहे."

चाचा खुर्ची सरकवून तिच्याजवळ आले आणि काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "का बोलते ते मला माहीत आहे, बेटा. दोन मिनिटांचं काम. सांगू?"

पाचला सात मिनिटं होती. तस्नीमनं 'पदर' वर बोट ठेवलं.

"नका सांगू," ती म्हणाली, आणि दाबलं.